दाबाच्या पाण्याचा धंदा

सुशिक्षित घरांतील एखाद्या तरुणानें "मी नोकरी न करतां धंदा काढणार" असें सांगितलें, तर आतां पूर्वीसारखी खळबळ उडत नाहीं. दुकान, छापखाना, खाणावळ, संगणकाचें काम यांपैकीं कांहींहि काढावयाचें म्हटलें तरी वडील मंडळी भांडवलाची चौकशी करतात व थोड्याफार कुरकुरीनंतर संमति देतात. परंतु तोच मुलगा जर म्हणाला, "मी लोकांच्या इमारतींच्या फरशा, गच्च्या व टाक्या धुण्याचा ठेका घेणार," तर मात्र ओटीपासून माजघरापर्यंत सारे एकमेकांकडे पाहूं लागतात. ज्या घरांत देवघरांतील तांब्याचीं उपकरणीं रोज चिंचेनें लखलखीत केलीं जातात, त्याच घराला दुसऱ्याचें अंगण धुणें हलकें वाटावें, ही विसंगति चमत्कारिक खरी. परंतु ती आहे. प्रस्तुत लेखांत या धंद्याचें शास्त्र, त्याचा हिशेब व त्यांतील जोखीम यांचा विचार करावयाचा आहे. तो करतांना पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर वसलेलें वाघोली हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं. कारण या धंद्याची संधि आणि अडचण हीं दोन्ही तेथें एकाच जागीं पाहावयास मिळतात.

वाघोलीची धूळ

वाघोली हें जुनें गांव. वाघेश्वराचें देवालय आणि सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधि यांमुळें इतिहासाची आवड असणाऱ्या वाचकांस तें परिचित असेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र गांवाचें रूप पार पालटलें. एका बाजूस खराडींत संगणकाच्या कामाच्या कचेऱ्या आल्या, दुसऱ्या बाजूस सणसवाडी-रांजणगांवकडे कारखाने वाढले, आणि या दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या वाघोलींत बहुमजली संकुलांची रांग लागली. जून २०२१ मध्यें ज्या २३ गांवांचा पुणें महानगरपालिकेंत समावेश झाला, त्यांत वाघोलीहि होती.

या गांवाच्या परिसरांत, तसेंच लोणीकंद व भावडीच्या बाजूस, काळ्या दगडाच्या खाणी आणि खडी फोडण्याचीं यंत्रें आहेत. पुण्याच्या इमारतींना लागणारी खडी येथून डंपर भरभरून जाते. खडीबरोबर उडालेली धूळ मात्र येथेंच राहते. ती गच्चीवर बसते, जिन्यांत बसते, सौर-तबकड्यांवर बसते, आणि पहिल्या पावसांत तिचा चिखल होऊन भिंतीवरून ओघळतो. पावसाळा सरतांच सांवलीच्या बाजूस शेवाळ धरतें तें निराळेंच. धुलाईचें यंत्र घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसास येथें बारा महिने काम दिसेल यांत संशय नाहीं.

परंतु याच वाघोलींत पाण्याची दुसरी बाजू आहे. अनेक सोसायट्यांचा संसार कूपनलिकेवर व टँकरवर चालतो, आणि उन्हाळ्यांत कूपनलिका आटली म्हणजे टँकरच्या बिलापायीं सोसायटीच्या खजिनदाराची झोंप उडते. जेथें धुण्यासारखें सर्वांत अधिक, तेथेंच धुण्यास पाणी सर्वांत थोडें, असा हा पेंच आहे. हा पेंच ज्यास सोडवितां येईल, त्याचाच या गांवांत धंदा होईल. नुसतें यंत्र विकत घेणाऱ्याचा होणार नाहीं.

यंत्राचें मर्म

दाबाच्या पाण्यानें सफाई करण्याची कल्पना फार जुनी नाहीं. जर्मनींतील आल्फ्रेड केर्शर या इंजिनियरानें १९३५ सालीं स्टुटगार्टजवळ आपला कारखाना काढला, आणि त्याच कारखान्यानें १९५० सालीं गरम पाण्याचें उच्च दाबाचें सफाईयंत्र बाजारांत आणलें. पुढें ब्राझिलमधील रिओ शहराच्या डोंगरावर उभी असलेली ख्रिस्ताची प्रचंड मूर्ति १९८० सालीं व अमेरिकेंतील रशमोर पर्वतावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे २००५ सालीं याच कारखान्याच्या माणसांनीं धुतले. आपल्याकडे हें यंत्र प्रथम मोटारी धुण्याच्या जागीं लोकांस परिचित झालें. कामगार त्यास नुसतें "प्रेशर" म्हणतात.

याचें मर्म समजून घेणें अवघड नाहीं. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीचें पाणी तळमजल्याच्या नळास येतें, तेव्हां त्याचा दाब सुमारें ३ बार असतो. धंद्याच्या यंत्रांतील पंप हाच दाब १०० बारच्या पुढें नेतो; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरावर सुमारें शंभर किलोग्रॅमचा भार. सिंहगडाचा माथा पुणें शहराहून जितका उंच आहे, त्याहूनहि उंच, सुमारें एक किलोमीटरचा, पाण्याचा स्तंभ उभा केला तर त्याच्या तळाशीं एवढा दाब होईल. इतक्या दाबाचें पाणी बारीक तोटींतून सुटलें, म्हणजे गणितानें त्याचा वेग ताशीं पांचशें किलोमीटरच्या घरांत जातो. मळ निघतो तो या वेगामुळें. पाण्याच्या परिमाणामुळें नव्हे. म्हणूनच साध्या नळीनें दोन माणसें तासभर पाणी ओतून जें काम करतील, तें हें यंत्र पुष्कळच थोड्या पाण्यांत करतें. वाघोलीसारख्या ठिकाणीं यंत्राची खरी शिफारस हीच आहे, आणि सोसायटीच्या कमिटीपुढें प्रथम हीच गोष्ट मांडावयास हवी.

यंत्र घेतांना फसवणूक होऊं नये म्हणून एक साधें सूत्र ध्यानांत ठेवावें. दाबाचे बार आणि दर मिनिटाचे लिटर यांचा गुणाकार करून त्यास ६०० नीं भागलें, म्हणजे पाण्यास मिळणारी शक्ति किलोवॅटमध्यें निघते. तीन अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारें सव्वादोन किलोवॅट. त्यांतील कांहीं भाग पंपाच्या घर्षणांत जातो. तेव्हां ती मिनिटास १० लिटर पाणी ११० बारपर्यंत ढकलील. एखादा विक्रेता दोन अश्वशक्तीच्या यंत्रावर १५ लिटर आणि १५० बार असे आंकडे छापून दाखवीत असेल, तर गुणाकार करून त्याच्यापुढें कागद ठेवावा. पुढील संभाषण आपोआप आटोपतें.

यंत्राच्या तोंडाशीं बसविण्याच्या तोट्या निरनिराळ्या असतात, व त्यांस रंगांच्या खुणा असतात. लाल तोटींतून सुईसारखी सरळ धार निघते. पिवळ्या, हिरव्या व पांढऱ्या तोटींतून अनुक्रमें १५, २५ व ४० अंशांचा पंखा पसरतो. काळी तोटी साबणाच्या पाण्याची. नवशिक्यास लाल तोटीचा मोह फार होतो, कारण तिनें डाग चटकन उडतो. परंतु डागाबरोबर सिमेंटहि उडतें, आणि फरशीवर कायमचे नागमोडी ओरखडे राहतात. निदान पहिलें वर्ष लाल तोटी पेटींत कुलूपबंद ठेवणें हेंच शहाणपणाचें.

दगडाची ओळख

या धंद्याचें निम्में ज्ञान यंत्राचें नसून दगडाचें आहे. आपल्या महाराष्ट्रांतील काळा पाषाण हा ज्वालामुखीच्या रसापासून झालेला, घट्ट व चिवट. त्यावर पाण्याचा दाब सहसा कांहीं करीत नाहीं. परंतु शहाबादी, कोटा व कडप्पा या फरश्या चुनखडीच्या जातीच्या आहेत, आणि संगमरवरहि रासायनिक दृष्ट्या त्यांचाच भाऊबंद. यांवर ॲसिड पडलें कीं फेंस येतो, तकाकी जाते आणि ती कशानेंहि परत येत नाहीं. "ॲसिड मारून स्वच्छ करून देतों" असें सांगणारे लोक प्रत्येक गल्लींत भेटतात. त्यांनीं धुतलेली शहाबादी पहिल्या दिवशीं पांढरी दिसते आणि मग पूर्वीपेक्षां लवकर मळूं लागते, कारण तिची गुळगुळीत पाठच खाल्ली गेलेली असते.

सिमेंटचे पेव्हिंग ब्लॉक जपून धुवावे लागतात. त्यांच्या सांध्यांतील वाळू हीच त्यांना जागीं धरून ठेवते. धारेनें ती उपसली गेली तर महिन्याभरांत ब्लॉक हालूं लागतात. म्हणून धार सांध्याच्या रेषेंत न धरतां तिरकी धरावी, आणि काम संपल्यावर सांध्यांत पुन्हां वाळू भरून द्यावी. ही वाळू कोटेशनमध्यें स्वतंत्र लिहावी. कमिटीस त्यावरूनच कळतें कीं हा मनुष्य जाणता आहे. जुन्या वाड्यांचे व देवळांचे चुन्याचे सांधे, लांकडी कोरीव काम, खिडक्यांच्या कडांचें रबर, विजेचे मीटरबोर्ड यांवर दाबाचें पाणी मुळींच मारूं नये. सौर-तबकड्यांवर तर हा मोह कटाक्षानें टाळावा; त्यांस मऊ कुंचा, मऊ पाणी आणि पहाटेची वेळ पाहिजे. उन्हानें तापलेल्या कांचेवर गार पाणी पडलें तर ती तडकण्याची भीति असते, आणि कूपनलिकेचें जड पाणी वाळलें कीं क्षारांचे पांढरे ठिपके मागें राहतात.

कोणतेंहि काम सुरू करण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत हातभर जागा धुऊन ती वाळूं द्यावी व मग कमिटीस दाखवावी. तसेंच, आधींपासून फुटलेल्या फरश्या, उकललेले पोपडे, गळके सांधे यांची छायाचित्रें काढून ठेवावीं. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. तो यावेळीं न वापरणें म्हणजे पुढील भांडणास निमंत्रण देणें होय.

लिटरांचा हिशेब

नव्या ठेकेदाराचें पहिलें नुकसान बहुधा कोटेशनमध्येंच होतें. शेजारच्याचा दर काय आहे हें विचारून तो दोन रुपये कमी लावतो, आणि काम अर्ध्यावर आल्यावर त्यास कळतें कीं आपण घरचें घालीत आहों. रुपयांचे दर हंगामाहंगामास बदलतात. लिटर व तास बदलत नाहींत. म्हणून हिशेब आधीं लिटरांत व तासांत मांडावा, मग त्याचे रुपये करावे.

पद्धति अशी. जागेवर शंभर चौरस फूट खडूनें आंखावे, ते स्वतः धुवावे, व घड्याळ पाहावें. समजा अर्धा तास लागला. यंत्र मिनिटास १० लिटर पाणी घेत असेल, तर शंभर फुटांस ३०० लिटर पाणी गेलें. आतां ५,००० चौरस फुटांच्या वाहनतळास २५ तास आणि १५,००० लिटर पाणी लागेल, हें उघड झालें. १०,००० लिटरच्या टँकरचा हिशेब केला तर हा दीड टँकर होतो. विजेचे साठ-पासष्ट युनिट होतात. आणि दिवसास सात-आठ तास यंत्र चालविल्यास दोन माणसांचे साडेतीन दिवस होतात. यांत नेण्याआणण्याचा खर्च, पंपाची झीज, स्वतःचा मोबदला व शेंकडा कांहीं नफा मिळवावा. पाणी व वीज सोसायटी देणार कीं आपण, हें त्याच कागदावर स्पष्ट लिहावें. वाघोलींत "पाणी तुमचें" एवढे दोन शब्द लिहावयाचे राहिले, तर नफ्याचा सगळा भाग टँकरवाला घेऊन जातो.

पाणी वांचविण्याचे मार्गहि ठेकेदारानेंच शोधावयाचे आहेत. धुण्यापूर्वीं कोरडी झाडलोट करून धूळ पोत्यांत भरली, तर पाण्याचें काम बरेंच कमी होतें. धूळ ओली करून मग ढकलीत बसणें हा वेळेचा व पाण्याचा अपव्यय आहे. तेलकट डागांवर साबणाचें पाणी आधीं टाकून तें पंधरा मिनिटें मुरूं द्यावें. मोठ्या मोकळ्या फरशीसाठीं थाळीसारखें फिरतें झांकण मिळतें, त्यानें काम सारखें होतें व पाणी उडत नाहीं. ज्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था नीट चालू आहे, तेथें तें पाणी मोकळ्या फरशीस वापरतां येतें. मात्र तें गाळून घ्यावें, तोंडास मुखपट्टी बांधावी, मुलें खेळत असतील तेथें तें उडवूं नये, आणि पिण्याच्या टाकीजवळ तें नेण्याचें नांवहि काढूं नये. काळ्या दगडाची बारीक पूड पंपाच्या आंतील वेष्टनें कापून काढते, म्हणून पाणी कोणतेंहि असो, गाळणीवांचून यंत्रांत जातां कामा नये.

भांडवल आणि गिऱ्हाईक

भांडवल थोडें लागतें, ही या धंद्याची गोडी आणि हाच त्याचा सांपळा. घरगुती यंत्र दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतें. पण रोज सहा-सात तास चालविल्यास तें तग धरीत नाहीं. धंद्याचें यंत्र तीस-चाळीस हजारांपासून पुढें लाखाच्या वरपर्यंत जातें. लांब नळी, तोट्या, गमबूट, चष्मे, विजेची सुरक्षित जोडणी, पाण्याचें पिंप यांस यंत्राच्या निम्मी तरी रक्कम बाजूस ठेवावी. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत "शिशु" वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंत व "किशोर" वर्गांत ५ लाखांपर्यंत तारणावांचून कर्जाची सोय आहे. सेवेच्या धंद्यांत वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आंत असेपर्यंत वस्तु व सेवा कराच्या नोंदणीची सामान्यतः सक्ति नाहीं. पण हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून हवी.

तरीहि आमचें सांगणें असें कीं यंत्र विकत घेण्यापूर्वीं तीन महिने दुसऱ्याच्या हाताखालीं काढावे, किंवा यंत्र भाड्यानें आणून आपल्या नात्यांतील चार घरें व आपली स्वतःची सोसायटी धुऊन पाहावी. यंत्र विकत मिळतें. हात व नजर विकत मिळत नाहीं.

गिऱ्हाईक बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांचेंच असणार. चेअरमन, सेक्रेटरी व खजिनदार या तिघांचीं मतें तीन असतात, तीन कोटेशनें मागविलीं जातात, आणि पैसे सभेच्या मंजुरीनंतर येतात. वाघोलीसारख्या नव्या वस्तींत आणखी एक खबरदारी अवश्य घ्यावी. पुष्कळ संकुलांत सोसायटीची नोंदणी होऊन कारभार हाती येईपर्यंत तो बिल्डरकडे किंवा रहिवाशांच्या तात्पुरत्या मंडळाकडे असतो. काम सांगणारा एक व पैसे देणारा दुसरा, असा प्रकार तेथें सहज होतो. म्हणून सहीशिक्क्याचा कामाचा हुकूम व कांहीं आगाऊ रक्कम हातीं आल्यावांचून पाईप जोडूं नये. हें कडक वाटेल. परंतु पहिल्या वर्षीं नवा ठेकेदार बुडतो तो कामाच्या अभावीं क्वचित्. वसुलीच्या अभावीं बहुधा.

वर्षाची आंखणीहि आधीं करावी. एप्रिल-मेमध्यें गच्च्या, कारण पावसापूर्वीं गळती बंद करण्याचें काम करणाऱ्यांस स्वच्छ पृष्ठभाग लागतो, गणपतीपूर्वीं प्रवेशद्वारें व अंगणें, पावसाळा संपतांच शेवाळ, दिवाळीपूर्वीं सर्वच. उरलेल्या महिन्यांत पाण्याच्या टाक्यांचा वर्षाचा करार असला, तर दोन माणसांचा पगार निघत राहतो.

जिवाची जोखीम

येथवर पैशाचा विचार झाला. आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख वडीलधाऱ्यांनींहि वाचावा असें वाटतें, ती सांगावयाची.

दाबाची धार हाताच्या बोटावर आली तर त्वचेस सुईएवढें छिद्र पडतें, रक्तहि फारसें येत नाहीं, आणि कामगार फडकें बांधून पुन्हां कामास लागतो. परंतु आंतल्या आंत पाणी व घाण शिरून बोट सडूं शकतें. अशी जखम कितीहि लहान दिसो, त्याच घटकेस शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराकडे जावें, व "दाबाच्या यंत्राची जखम" असे शब्द त्यांस सांगावे. ओल्या जमिनीवर विजेचें यंत्र चालवितांना गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ जोडलेली असलीच पाहिजे. पेट्रोलचें यंत्र तळघरांतील वाहनतळांत कदापि चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नाहीं, आणि मनुष्य झोंप आल्यासारखा कोसळतो. ब्लीचिंग पावडर व ॲसिड हीं एका बादलींत आलीं तर क्लोरिन वायु सुटतो. तीं दोन्ही एका गाडींतहि ठेवूं नयेत.

परंतु सर्वांत मोठें भय बंद टाकीचें आहे. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालील टाकीहि धोक्याची असूं शकते. झांकण उघडून हवा खेळूं द्यावी, पंख्यानें ताजी हवा आंत सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधावा, आणि वर एक मनुष्य हातांत दोर धरून अखंड उभा असावा. आंतला मनुष्य पडला तर वरच्यानें खालीं उडी घेऊं नये. बहुतेक वेळां एकामागून दुसरा मरतो तो याच मायेपोटीं.

मैल्याच्या टाकीचा मात्र विचारच करूं नये. टाक्या धुणारा म्हणून नांव झालें कीं कोणीतरी सोसायटी हळूच विचारणारच, "एवढी सेप्टिक टँकहि उरकून घ्या ना, दोन मुलें उतरवा, वेगळे पैसे देऊं." २०१३ सालच्या कायद्यानें मनुष्यास संरक्षणसाधनांवांचून अशा टाकींत वा गटारांत उतरविणें हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरविली. तरीहि ऑक्टोबर २०२२ मध्यें याच वाघोलींतील एका निवासी संकुलाच्या सेप्टिक टँकमध्यें उतरलेल्या कामगारांचे गुदमरून प्राण गेले. ते पोटासाठीं आलेले होते, आणि त्यांना कोणीतरी कामास लावलें होतें. तें लावणारें "कोणीतरी" आपल्या घरांतील मुलगा कधीं होऊं नये, एवढी काळजी घरानें घ्यावयास हवी. हें काम शोषण-यंत्राच्या गाडीचें आहे. ज्याच्याकडे ती गाडी नाहीं त्यानें "आम्ही हें करीत नाहीं" असें सांगून उठावें. त्यासाठीं बाकीचा करार हातचा गेला तरी जाऊं द्यावा.

आपल्याकडील प्रत्येक मजुराचा अपघाती विमा उतरावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची वर्गणी वर्षास केवळ २० रुपये आहे, आणि अपघाती मृत्यूस २ लाखांचें संरक्षण मिळतें. ही रक्कम पुरेशी आहे असें कोणीच म्हणणार नाहीं. पण जो ठेकेदार एवढेंहि करीत नाहीं, त्यास माणसें नेमण्याचा अधिकार नाहीं.

कमीपणा कशांत आहे?

आतां ओटीवरील त्या कुजबुजीकडे वळूं. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड हे इंजिनियर. पुण्यास टेल्कोंत नोकरीस होते. त्या कंपनीच्या इंडिका मोटारीच्या कारखान्याच्या सफाईचें काम हातीं घेऊन १९९७ सालीं त्यांनीं केवळ आठ माणसांनिशीं आरंभ केला. त्यांतून उभ्या राहिलेल्या भारत विकास ग्रुपनें पुढें संसदभवन व राष्ट्रपतिभवन यांच्या देखभालीचें कामहि केलें. इंजिनियरानें सफाईचा ठेका घेतला म्हणून कोणाचें शिक्षण वायां गेलें असें यांत दिसत नाहीं. उलट शिक्षणाचा उपयोग झाला तो तेथेंच.

पैशाची गोष्ट बाजूस ठेवली तरी आपल्या समाजांत याहून जुनीं उदाहरणें आहेत. वाघोलीवरून जाणाऱ्या याच नगर रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे ज्या पारनेर तालुक्याकडे फाटा फुटतो, तेथील सेनापति बापट विलायतेहून शिकून आलेले. तरी गांवांत पहाटे उठून हातांत झाडू घेऊन रस्ते झाडीत. रत्नागिरीच्या तुरुंगांत १९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम करूं द्यावें म्हणून उपोषण केलें होतें. या दोघांस कामाचा कमीपणा वाटला नाहीं. जन्मावरून तें काम कोणा एकाच्या माथीं मारलें जावें, याची मात्र लाज वाटली.

हा भेद आजच्या तरुणानेंहि ओळखला पाहिजे. त्याच्यापाशीं शिक्षण आहे, घरचें पाठबळ आहे, कर्ज मिळण्याची सोय आहे. तो हें काम निवडतो. त्याच्या हाताखालीं येणारा मजूर बहुधा निवडून आलेला नसतो. तेव्हां स्वतः कोरड्या जागीं खुर्ची टाकून बसावयाचें व ओल्या, अंधाऱ्या, कोंदट जागीं दुसऱ्यास धाडावयाचें, अशा ठेकेदारींत मात्र निश्चित कमीपणा आहे, मग त्यांतून बंगला बांधला गेला तरी. पहिलें वर्ष तरी गन आपल्याच हातीं असावी. ज्या टाकींत आपण उतरणार नाहीं, तींत कोणास उतरवूं नये.

घरांतील वडील मंडळींनीं मुलास भांडवल देतांना चार अटी घालाव्या. त्यानें आधीं तीन महिने उमेदवारी करावी. पहिलें कोटेशन लिटरांत व तासांत मांडून घरांत समजावून द्यावें. दर महिन्याच्या एकादशीस वही सर्वांपुढें ठेवावी. आणि मैल्याच्या टाकीस नकार देण्याचा शब्द देवापुढें द्यावा. एवढें मान्य करणाऱ्या मुलास नुसती संमति नव्हे, हातभार द्यावा. घरांतील एकीनें हिशेब पाहावा, एकानें कोटेशनें टंकावीं, आजोबांनीं वसुलीसाठीं चेअरमनला फोन करावा. एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य याच कामीं यावयाचें. दिवसभर लोकांच्या अंगणांतील काळी धूळ धुऊन तो मुलगा संध्याकाळीं गमबूट दाराबाहेर काढून घरांत येईल, तेव्हां त्यास आंघोळीस ऊन पाणी काढून ठेवावें, आणि कुजबुज न करतां आपल्या पंक्तीस पाट मांडावा.